पाणवनस्पतींचं वर्णन कसं करायचं: देठापासून कणसापर्यंत

तळ्यात गोल पानं पसरलेली दिसली की बहुतेक जण कमळ म्हणून मोकळे होतात. महाराष्ट्रातल्या तळ्यांत अशी पानं असलेल्या किमान तीन वनस्पती सहज भेटतात: कमळ, कुमुद आणि कुमुदिनी. तिघांची कुळं वेगळी आहेत. जनुकीय अभ्यासानंतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी कमळाला काश्मीरच्या चिनार वृक्षाच्या गणात (जवळच्या कुळांच्या मोठ्या गटात) बसवलं आहे, म्हणजे त्याचे जवळचे नातेवाईक चक्क जमिनीवरचे वृक्ष आहेत. शेजारी तरंगणारं कुमुद त्याच्यापासून नात्याने फार दूर आहे.

तिन्ही ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पानाला देठ कुठे जुळतो एवढं आधी पाहायचं. कमळाचा देठ छत्रीच्या दांडीसारखा पानाच्या मागच्या बाजूला मधोमध जुळतो आणि पानाला कुठेही खाच नसते. अशा पानाला छत्राकृती म्हणतात. कुमुदाच्या पानाला मात्र कडेपासून देठापर्यंत खोल चीर असते. कमळाची सुरुवातीची पानं पाण्यावर टेकलेली असतात, नंतरची देठासकट हवेत उंच उठतात. कुमुदाची पानं सहसा पाण्यावरच पसरून राहतात. कमळाचा देठ हाताला खरखरीत, बारीक काट्यांचा लागतो.

कुमुदिनीचं पानही खाच असलेलं, हृदयाकृती. त्यामुळे नुसत्या पानावरून ती कुमुदाचं लहान रोप वाटू शकते. तिथे फूल कुठून निघतं ते पाहावं. कुमुदाचं फूल तळाच्या चिखलातून थेट वर आलेल्या, पान नसलेल्या स्वतंत्र दांड्यावर एकटं उमलतं. या दांड्याला पुष्पदंड म्हणतात. कुमुदिनीची छोटी पांढरी फुलं पानाच्या अगदी खालून, झुबक्याने निघतात, जणू देठालाच फुटली आहेत. पाकळ्यांवर कापसाच्या तंतूंसारखी झालर असते आणि मध्यभागी पिवळा रंग. साताऱ्याजवळच्या कास पठारावरचं कुमुदिनी तळं याच फुलांनी भरतं आणि तिथे येणारे अनेक पर्यटक त्यांना कमळंच म्हणतात.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. उपवासाला खातात ते मखाणे कमळाच्या बिया नव्हेत. बिहारमधल्या मिथिलेच्या तळ्यांत वाढणाऱ्या, पानांवर काटे असलेल्या वेगळ्याच पाणवनस्पतीच्या त्या बिया आहेत. ती कुमुदाच्या कुळातली आहे.

आधी पाण्याची पातळी

जमिनीवरच्या झाडाचं वर्णन करताना आपण वृक्ष, झुडूप, वेल अशी सुरुवात करतो. पाणथळीत ही विभागणी फारशी उपयोगाची नाही. इथे दोनच गोष्टी विचारायच्या: मूळ चिखलात रुतलंय की मोकळं आहे, आणि पान पाण्याखाली आहे, पाण्यावर आहे की हवेत. या उत्तरांतून चार मोठे गट पडतात.

सगळं शरीर पाण्याखाली असेल तर वनस्पती निमग्न. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया ही तिची नेहमीची उदाहरणं. मूळ तळाशी आणि पान पाण्यावर टेकलेलं असेल तर मूलबद्ध तरंगती. कुमुद आणि कुमुदिनी इथे येतात. मूळ पाण्यात लोंबतं, जमिनीशी काही संबंध नाही, ती मुक्त तरंगती; जलपर्णी, गोंडाळ, टिकलीएवढं लेम्ना. आणि मूळ व खोडाचा खालचा भाग पाण्यात पण पानं-फुलं हवेत असतील तर उन्मग्न. पाणकणीस, देवभात, आणि पूर्ण वाढलेलं कमळ.

या चार शब्दांनी अर्धं काम होतं, कारण पुढची बरीच लक्षणं त्यांच्याच मागोमाग येतात. तरंगत्या पानाची श्वसनरंध्रं वरच्या पृष्ठभागावर असतात, कारण खालची बाजू पाण्याला टेकलेली. निमग्न पानाला बहुधा रंध्रं नसतातच. ते पातळ आणि लवचीक असतं, आणि पाण्याबाहेर काढलं की लगेच मान टाकतं. खोडात आणि देठात हवेच्या पोकळ्यांची जाळी असते, तिला वायुऊतक म्हणतात. कमळाचा देठ आडवा कापला तर त्यातल्या नळ्या साध्या डोळ्यांनी दिसतात. पानाने घेतलेली हवा त्यांतून चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते, कारण तिथल्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो.

गावात पाण्यातल्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला शेवाळ म्हणायची पद्धत आहे. वर्णन करताना तेवढ्यावर थांबू नये. हायड्रिलाला खरी मुळं, खोड, पानं आणि फुलं असतात. तिची छोटी पानं खोडाच्या प्रत्येक पेरावर तीन ते आठच्या कड्यात असतात; या मांडणीला मंडलित म्हणतात. पानाच्या कडेवर बोट फिरवलं तर बारीक दाते लागतात. तिच्यासारखंच दिसणारं सिरॅटोफायलम त्याच तळ्यात असतं. त्याचीही पानं मंडलित, पण प्रत्येक पान काट्याच्या चमच्यासारखं दुभंगत गेलेलं असतं आणि झाडाला मूळच नसतं. याहून फसवी म्हणजे कारा. तिच्याही दांड्यावर फांद्यांची कडी दिसतात, पण ती खरोखरच शैवाल आहे. तिला फूल कधीच येत नाही आणि चुरडली तर अनेकदा उग्र वास येतो. एका मुठीत तिन्ही येऊ शकतात, म्हणून पाण्यातून काढलेला गोळा आधी पसरट भांड्यातल्या पाण्यात मोकळा करून मगच पाहावा.

पान बदलतं, म्हणून खोली लिहा

पाणवनस्पतींचं वर्णन करणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास होतो तो पान एका आकाराचं राहत नाही याचा. जलपर्णीचं उदाहरण घ्या. पुण्याच्या मुळा-मुठेपासून कोल्हापूरच्या पंचगंगेपर्यंत तिने नद्या झाकल्या आहेत, त्यामुळे पाहायला लांब जावं लागत नाही. मोकळ्या पाण्यात कडेला वाढणाऱ्या रोपाचा देठ फुगून फुग्यासारखा गोल होतो, आत स्पंजासारखी हवा भरलेली. हेच रोप दाटीत सापडलं की देठ सडपातळ आणि लांब होतो, फुगा जवळजवळ नाहीसा होतो. दोन्ही नमुने शेजारी ठेवले तर नवख्याला ती दोन वेगळी झाडं वाटतील. पसरायची तिची रीत मात्र दोन्हीकडे एकच: पाण्यालगत आडवं धावणारं खोड निघतं आणि त्याच्या टोकाला नवं रोप तयार होतं. अशा खोडाला धावता प्ररोह म्हणतात. नदी साफ करताना वरची झाडं ओढली आणि हे धागे तुटून राहिले तर त्यांच्या टोकांवरची रोपं पुन्हा पसरायला लागतात, हे त्या कामात असलेल्यांनी लक्षात ठेवायला हवं.

काही वनस्पती तर एकाच खोडावर दोन तऱ्हेची पानं धरतात. आंबुलीच्या गटातल्या काही जातींची पाण्याखालची पानं केसांइतकी बारीक चिरलेली असतात आणि पाण्याबाहेर आलेल्या शेंड्यावरची पानं अखंड, कडेला दातेरी. याला विषमपर्णता म्हणतात. पाण्याखाली बारीक चिरलेलं पान प्रवाहात फाटत नाही आणि त्याचा पाण्याशी संपर्कही वाढतो. हवेत त्याची गरज नसते.

म्हणून पानाचं माप लिहिताना ते पान पाण्याखालचं होतं की वरचं, पाणी किती खोल होतं आणि महिना कोणता, हे लिहिलं नाही तर ते वर्णन मला तरी अपुरं वाटतं. ऑगस्टात गुडघाभर पाण्यात उभं असलेलं झाड डिसेंबरात कोरड्या चिखलात लोळत असतं आणि त्याची पानं तेव्हा निम्म्याहून लहान होतात. फूल आणि फळ मात्र पाण्याच्या खोलीनुसार इतकं बदलत नाही. ओळख पक्की करायची असेल तर शेवटी त्यांच्याकडेच जावं लागतं.

शिंगाड्याच्या फळाइतकं सरळ उत्तर तर कोणतंच नाही. पानं पाहिली तर पत्त्यातल्या चौकटसारखी, कडेला दातेरी, फुगीर देठाची आणि पाण्यावर चक्राकार मांडलेली. अशा मांडणीला पर्णचक्र म्हणतात. फळाला मात्र दोन टोकदार शिंगं असतात. ती फुलाची निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरची दलं असतात. फळ धरल्यावर ती गळत नाहीत, कडक होत जातात. विदर्भात ढीवर समाजाचे लोक तलावांत शिंगाडा लावतात. काढणी करताना ही शिंगं हाताला चांगलीच टोचतात.

गवतासारखं दिसतं ते सगळं गवत नसतं

पाणथळीत सर्वांत कठीण काम इथे आहे आणि मन लावून शिकण्यासारखंही इथेच सर्वांत जास्त आहे. काठावर हिरवी पाती उभी असतात. त्यांत गवतं असतात, लव्हाळ्याच्या कुळातली झाडं असतात, पाणकणीस असतं, गेंद असतात. लांबून सगळं सारखंच दिसतं. पानांचा आकारही सारखाच, रेषाकृती, म्हणजे लांब, अरुंद आणि समांतर कडांचा. इथे पानाच्या आकारावर वेळ घालवू नये, थेट खोड पकडावं.

दोन बोटांत खोड फिरवून पाहा. लव्हाळा, मोथा यांचं खोड त्रिकोणी लागतं आणि आतून भरीव असतं. त्यावर फुलोऱ्यापर्यंत गाठ नसते. गवताचं खोड गोल असतं, त्यावर ठळक गाठी असतात आणि दोन गाठींमधला भाग बहुधा पोकळ. ज्याचे पूर्वी बोरू करत ते नळ गवत घेतलं तर हे सगळं एका कांडीत दिसतं. मग पानांची मांडणी वरून पाहायची: गवताची पानं दोन ओळींत, लव्हाळ्याची तीन ओळींत. पानाचा खालचा भाग खोडाला वेढून असतो, त्याला आवरक म्हणू. गवतात तो एका बाजूने बहुधा उघडा असतो, लव्हाळ्यात बंद नळीसारखा. गवताच्या पानाचं पातं जिथे आवरकाला जुळतं तिथे आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा किंवा केसांची रांग असते, ती जिभली. गवतं ओळखणारे लोक तिच्यावर फार भरवसा ठेवतात, आणि तो योग्यच आहे.

त्रिकोणी खोडाचा नियम लव्हाळ्याच्या सगळ्या कुळाला लागू नाही. एलिओकॅरिस या गटात खोड बहुधा गोल असतं, पानांची पाती नसतातच, फक्त तळाशी आवरकं उरलेली. खोडच हिरवं असतं आणि अन्न तेच तयार करतं. टोकाला एकच छोटं कणीस. असं झाड दिसलं तर वर्णनात ‘पानं नाहीत’ असं लिहून थांबू नये. ‘पानं आवरकापुरती उरलेली’ असं लिहावं, कारण ओळखीची किल्ली तिथेच आहे.

लव्हाळ्याच्या फुलोऱ्यात आपल्या ओळखीचं फूल सापडत नाही. रंगीत पाकळ्या नसतात. चपटी, तपकिरी छोटी कणसं दिसतात, त्यांना कणिशकं म्हणतात. प्रत्येक कणिशक म्हणजे एकमेकांवर चढलेल्या खवल्यांची रांग, आणि एकेका खवल्याच्या बगलेत एकेक सूक्ष्म फूल. लव्हाळ्याच्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, हे खवले दोन ओळींत असतात; फिंब्रिस्टायलिस या शेजारच्या प्रजातीत ते बहुधा फिरत्या जिन्याने चढत जातात. सगळ्या कणिशकांच्या खाली पानांसारखी लांब छदं पसरलेली असतात. जाती पक्की करायला पिकलेलं फळ लागतं: तांदळाच्या दाण्याहूनही बारीक, कठीण कवचाचं. ते तीन कडांचं आहे की दोन बाजूंनी चपटं, गुळगुळीत आहे की जाळीदार, हे दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून दिसतं. म्हणून हिरव्या कोवळ्या फुलोऱ्याचा फोटो कितीही सुंदर असला तरी त्यावरून लव्हाळ्याची जात सांगणं बहुतेक वेळा शक्य होत नाही. जमिनीखालचंही पाहावं. दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथा म्हणजे याच कुळातल्या एका झाडाचे सुगंधी कंद, मातीत बारीक भूमिगत खोडांनी माळेसारखे जोडलेले.

पाणकणसाला रामबाण असंही म्हणतात. त्याचं जाड तपकिरी कणीस सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण ते हजारो मादी-फुलांचं असतं हे क्वचितच कुणाच्या ध्यानात येतं. त्याच दांड्यावर वरच्या टोकाला नर-फुलांचा भाग असतो. परागकण सांडले की तो झडून जातो आणि नुसती काडी उरते. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असली की झाड एकत्रलिंगी. आपल्याकडच्या नेहमीच्या जातींत दोन भागांच्या मध्ये थोडी उघडी काडी असते, तिची लांबी मोजून ठेवावी.

गेंद पाहायचे तर सप्टेंबरात सह्याद्रीच्या सड्यांवर जावं. तळाशी पानांचं चक्र, त्यातून निघालेले सरळ पुष्पदंड आणि प्रत्येकाच्या टोकाला एक पांढरं गोल मुंडकं. हे एक फूल नाही, खूप फुलांचा दाट गोळा आहे. त्याला स्तबक म्हणतात.

एक नाव, दोन झाडं

आता हे शब्द प्रत्यक्ष कसे उपयोगी पडतात ते पाहू. बाजारात आणि रोपवाटिकेत ब्राह्मी मागितली तर दोन वेगवेगळी झाडं मिळू शकतात. दोन्ही ओलसर जागी वाढतात, दोन्ही जमिनीवर सरपटतात, दोन्ही औषधी मानली जातात. त्यांची वर्णनं शेजारी ठेवतो.

पहिलं: सरपटणारी, मांसल, केशहीन वनस्पती, गाठींवर मुळं, पानं संमुख, अवृंत, चमच्याच्या आकाराची, कडा अखंड, फुलं पानांच्या बगलेत एकेकटी, फिकट निळसर किंवा पांढरी.

दुसरं: धावत्या प्ररोहाने पसरणारी वनस्पती, पानं गाठीवर झुबक्याने, लांब देठाची, मूत्रपिंडाकृती, कडा गोलसर दात्यांची, फुलं अगदी बारीक, छोट्या झुपक्यात, जमिनीलगत.

पहिली नीरब्राह्मी, शास्त्रीय नाव बाकोपा मोनिएरी. दुसरी मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. संमुख म्हणजे एका गाठीवर समोरासमोर दोन पानं, अवृंत म्हणजे देठ नसलेलं, केशहीन म्हणजे अंगावर लव नसलेली. पाठ करायला कठीण वाटतात, पण दोन्ही झाडं समोर ठेवून एकदा बोट लावून म्हटले की हे शब्द विसरत नाहीत. औषध म्हणून काही घ्यायचं असेल तेव्हा ‘ब्राह्मीसारखं दिसतंय’ एवढ्यावर विसंबणं धोक्याचं आहे, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं.

फुलांच्या तऱ्हा

साताऱ्याच्या पठारांवर पावसाळ्यात उथळ पाणी साचतं. तिथे वायतुरा उगवतो. जमिनीत कंद, पाण्यात लांब पानं आणि दांड्याच्या टोकाला दोन फाट्यांचा तुरा. 1982 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि साताऱ्यावरूनच त्याला अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस हे नाव मिळालं. फुलोरा कणिश प्रकारचा, म्हणजे एका अक्षावर देठ नसलेली फुलं ओळीने बसलेली. नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या झाडांवर येतात. याला विभक्तलिंगी म्हणतात. अशा वनस्पतीचा एकच नमुना पाहून केलेलं वर्णन अर्धंच असतं. शिवाय ती प्रदेशनिष्ठ आहे, पश्चिम घाटाच्या या छोट्या पट्ट्याबाहेर आढळत नाही. डबकं तुडवलं गेलं, तिथे गाडी उभी राहिली, की जगातल्या तिच्या मोजक्या जागांपैकी एक जाते. त्यामुळे नमुना म्हणून ती उपटू नये, फोटो आणि मापं घ्यावीत.

त्याच पठारांवरची सीतेची आसवं ओल्या जमिनीवर निळी-जांभळी चादर घालतात. वरून दिसतं ते फूल. झाडाचं खरं काम मातीत चालतं. तिथे टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडावरच्या केसाला सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की झडप उघडते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात तो पाण्यासकट आत ओढला जातो. तळ्यांत तरंगणारी तिची पिवळ्या फुलांची बहीणही आहे. तिच्या पिशव्या पाण्यातल्या बारीक चिरलेल्या पानांवर नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

व्हॅलिस्नेरियाचं फुलणं मला या सगळ्यांत विलक्षण वाटतं. तिची नर-फुलं पाण्याखालीच तुटतात, वर येऊन उघडतात आणि पृष्ठभागावर होडीसारखी फिरतात. मादी-फूल लांबलचक दांड्यावर पृष्ठभागापर्यंत येऊन थांबतं. परागीभवन झालं की तो दांडा स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि फळ पाण्याखाली ओढून नेतो. वर्णनात ‘पुष्पदंड सर्पिल’ एवढेच दोन शब्द दिसले, तरी त्यांमागे एवढं सगळं घडलेलं असतं.

खारफुटीबद्दल थोडक्यात. तिथे मुळं पाहायची. तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी उभी श्वसनमुळं येतात. महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून निवडलेल्या पांढऱ्या चिप्पीची श्वसनमुळं अधिक जाड, शंकूसारखी. कांदळाची आधारमुळं खोडापासून कमानी करत चिखलात उतरतात आणि त्याचं बी झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं.

या शब्दांचा उपयोग अभ्यासकांपुरता नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या काही तलावांत ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्थांनी आणि तिथल्या महिलांनी बेशरमाची झुडपं उपटली आणि तळाशी हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण स्थानिक मासे त्यांच्यात अंडी घालतात आणि पिल्लं त्यांच्या आडोशाला वाढतात. काठावर उन्मग्न काय हवं, खोल पाण्यात निमग्न काय हवं, कोणतं झाड कोणत्या महिन्यात कुठल्या खोलीला रुजेल, हे ठरवल्याशिवाय असं काम होत नाही. त्या लोकांकडे या प्रत्येक झाडाला स्वतःचं नाव आहे. कुणी तिथे नोंद करायला गेलं तर वहीत शास्त्रीय नावाच्या आधी ते नाव, सांगणाऱ्याच्या उच्चारातच, लिहून घ्यावं. मग पाण्याची खोली, तळ चिखलाचा की वाळूचा, मूळ, देठ, पानांची मांडणी, फुलोरा आणि मिळालं तर पिकलेलं फळ.